बाइकचं इंजिन ऑइल कशानं खराब होतं आणि कधी बदलायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेट्रोलवर चालणाऱ्या फोर-स्ट्रोक मोटरसायकलींच्या ऑइलबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरं इथे आहेत. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची बरीच उत्तरं तिच्यावर अवलंबून आहेत: ऑइल किलोमीटरने खराब होत नाही. ते उष्णतेने, गिअरच्या दातांखाली चिरडून, पेट्रोल-पाण्याच्या भेसळीने आणि धुळीने खराब होतं. किलोमीटरचा आकडा हा या सगळ्याचा फक्त अंदाज आहे, आणि तो सगळ्यांच्या गाडीला सारखा लागू पडत नाही.

तेल खराब कसं होईल? जमिनीखाली तर ते लाखो वर्षं टिकलं ना?

टिकलं, कारण तिथे त्याला हवा लागत नव्हती. इंजिनमध्ये ते तापतं, फेसाळतं, हवेत घुसळलं जातं आणि प्रत्येक फेऱ्याला पिस्टनच्या रिंगांपाशी जळत्या पेट्रोलच्या वाफांना भिडतं.

शिवाय डब्यातलं ऑइल म्हणजे नुसतं तेल नव्हे. बेस ऑइलमध्ये बरीच रसायनं मिसळलेली असतात आणि बहुतेक वेळा आधी संपतात ती हीच. कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमचे क्षार असलेले डिटर्जंट ज्वलनातून येणारं ॲसिड मारतात आणि पिस्टन स्वच्छ ठेवतात. डिस्पर्संट काजळीचे कण एकत्र गोळा होऊ न देता तेलात तरंगते ठेवतात. जस्त आणि फॉस्फरस असलेलं झेडडीडीपी नावाचं रसायन कॅम, रॉकर (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) अशा घासणाऱ्या जागी काचेसारखा अतिशय पातळ थर तयार करतं. त्यामुळे तेलाचा पडदा क्षणभर फाटला तरी धातू थेट धातूवर घासत नाही. ऑक्सिडेशन रोखणारी रसायनं स्वतः खर्च होऊन बेस ऑइलला वाचवतात.

ही मंडळी संपली की बेस ऑइल उघडं पडतं. मग ऑक्सिजन त्याच्या रेणूंना चिकटायला लागतो, त्यातून ॲसिड तयार होतं, पुढे पिवळट वार्निश आणि शेवटी काळा गाळ. तेल आता दाट होऊ लागतं. तापमान दर १० अंश सेल्सियसने वाढलं की हा वेग साधारण दुप्पट होतो असा ढोबळ नियम आहे. म्हणजे ९० अंशांवर चालणारं इंजिन आणि १२० अंशांवर चालणारं इंजिन यांत तेलाच्या दृष्टीने साधारण आठपटींचा फरक पडतो. इंजिनात तयार होणारी लोखंड आणि तांब्याची बारीक पूड या क्रियेला आणखी चालना देते.

कारचं ऑइल १०,००० किलोमीटर चालतं, मग बाइकचं इतक्या लवकर का बदलायचं?

कारच्या इंजिन ऑइलवर फक्त इंजिनाची जबाबदारी असते. गिअरबॉक्सचं तेल वेगळं आणि नेहमीच्या क्लचला तेल लागतच नाही. बहुतेक मोटरसायकलींत मात्र इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच तिन्ही एकाच तेलात असतात. जे तेल पिस्टनला थंड करतं, तेच गिअरच्या दातांमध्ये दाबलं जातं आणि क्लच प्लेटांच्या अस्तराचा भुसाही तेच वाहून नेतं. जुन्या बनावटीच्या काही आणि मोठ्या व्ही-ट्विन गाड्यांपैकी काहींमध्ये गिअरबॉक्सचं तेल वेगळं असतं, पण ते अपवाद.

दुसरं कारण, तेलाचं प्रमाण. १०० ते १२५ सीसीच्या बाइकमध्ये जेमतेम ८०० मिली ते १ लिटर ऑइल असतं, कारमध्ये साडेतीन ते पाच लिटर. तेवढ्याशा तेलावर घाण, उष्णता आणि ॲसिड यांचा सगळा भार पडतो.

तिसरं, इंजिनाचे फेरे. ताशी ६० किलोमीटरला छोट्या बाइकचं इंजिन मिनिटाला ५,०००च्या आसपास फिरत असतं, कारचं २,०००च्या आतबाहेर. तेवढ्याच अंतरासाठी बाइकचं तेल कितीतरी जास्त वेळा रगडलं जातं. त्यात इंजिन एअर-कूल्ड असेल तर वाहतूक अडली की वाराही मिळत नाही आणि तापमान चढत जातं.

ऑइल "पातळ होतं" म्हणजे नेमकं काय होतं?

बाइकच्या ऑइलचा हा सगळ्यात महत्त्वाचा आजार, आणि याचीच चर्चा कमी होते. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

थंड इंजिनात पटकन वाहणारं आणि गरम इंजिनात पुरेसं दाट राहणारं तेल हवं म्हणून बेस ऑइलमध्ये लांब साखळीचे पॉलिमर मिसळतात. थंडीत हे रेणू लोकरीच्या गुंड्यासारखे आखडून बसलेले असतात आणि तापले की उलगडून पसरतात. त्यामुळे तापल्यावर तेल जितकं पातळ व्हायला हवं तितकं होत नाही. पण गिअरचे दात एकमेकांत बसताना मधल्या तेलावर जो प्रचंड दाब पडतो आणि कातर (तेलाचे थर एकमेकांवरून ओढले जाण्याचा ताण) बसते, त्यात या लांब साखळ्या तुटतात. तुटलेली साखळी पुन्हा जुळत नाही. कारच्या तेलाला गिअरबॉक्समधून जावं लागत नाही, बाइकच्या तेलाला प्रत्येक किलोमीटरला जावं लागतं.

परिणाम असा की डब्यावर ४० ग्रेड लिहिलेलं तेल काही हजार किलोमीटरनंतर प्रत्यक्षात ३० ग्रेडसारखं वागायला लागतं. यात पेट्रोल मिसळलं तर ते आणखी पातळ होतं. तेल उन्हात धरून पाहिलं तर स्वच्छ दिसेल, बोटांना बुळबुळीतही लागेल, पण गरम इंजिनात त्याचा पडदा टिकणार नाही. सगळ्याच तेलांत ही तूट सारखी नसते. २०डब्ल्यू-५० किंवा १०डब्ल्यू-५० अशा दोन आकड्यांतलं अंतर जितकं जास्त, तितकी पॉलिमरची गरज सहसा जास्त. चांगल्या प्रतीचं बेस ऑइल आणि चिवट पॉलिमर वापरलं असेल तर तूट कमी होते.

एकूण क्रम ध्यानात घ्या: आधी काही काळ तेल पातळ होत जातं आणि फारच ताणलं तर ऑक्सिडेशनमुळे उलट दाट होऊन गाळ धरतं. गाळाची अवस्था येईपर्यंत थांबणं म्हणजे खूपच उशीर.

२०डब्ल्यू-४०, १०डब्ल्यू-३० या आकड्यांचा अर्थ काय?

डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या वागण्याचा आणि नंतरचा गरम इंजिनातल्या दाटपणाचा. एसएई या अभियंत्यांच्या संस्थेच्या जे३०० या मानकानुसार १०डब्ल्यू तेलाची थंडीतली चाचणी उणे २५ अंश सेल्सियसला होते, २०डब्ल्यूची उणे १५ला. गरम बाजूची मोजणी १०० अंशांना होते. तिथे ३० ग्रेडचं तेल ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्सच्या (हे दाटपणाचं एकक) दरम्यान असावं लागतं, ४० ग्रेडचं १२.५ ते १६.३च्या.

गाडीच्या पुस्तकात जो ग्रेड दिला आहे तोच वापरा. इंजिनातल्या फटी, पंप आणि तेलाचे मार्ग त्या दाटपणाचा हिशेब करून बनवलेले असतात. "दाट तेल टाकलं की इंजिन जास्त टिकतं" हा समज सरसकट खरा नाही. फार दाट तेल थंड इंजिनात वरच्या कॅमपर्यंत उशिरा पोचतं.

ऑइल काळं झालं. बदलू का?

केवळ रंगावरून नको. काळं होणं हे डिटर्जंट आणि डिस्पर्संट आपलं काम करत असल्याचं लक्षण आहे. काजळी इंजिनाला चिकटण्याऐवजी तेलात आली म्हणून ते काळं दिसतं. काही इंजिनांत ताजं तेल ५००-७०० किलोमीटरमध्येच गडद होतं आणि तरीही त्याच्यात पुष्कळ दम शिल्लक असतो. उलट, मधासारखं दिसणारं तेल पॉलिमर तुटून निकामी झालेलं असू शकतं.

रंगाचा एकच प्रकार गंभीर आहे: दुधाळ, चहासारखा. त्याच्याबद्दल पुढे.

मग बदलायची वेळ आली हे ओळखायचं कसं?

बाइक चालवणाऱ्याला पहिली खूण पायाला कळते. गिअर टाकताना आधी जो हलका "टक" व्हायचा तो "खटाक" व्हायला लागतो. सिग्नलला थांबल्यावर न्यूट्रल सापडत नाही, पहिला आणि दुसरा यांच्यातच पाय खेळत राहतो. अधूनमधून गिअर पडल्यासारखा वाटतो पण पडलेला नसतो. क्लचची केबल आणि तिचा ढिलेपणा बरोबर असूनही असं होत असेल, तर तेलाचा दाटपणा गेलाय असं समजायला हरकत नाही. नवं ऑइल टाकल्यावर गिअर लोण्यासारखे पडतात असं सगळेच सांगतात, त्यामागचं कारण हेच. माझ्या मते बाइकमध्ये याहून चांगला आणि फुकटचा मापक दुसरा नाही, फक्त रोज चालवणाऱ्याला बदल हळूहळू होत असल्याने तो जाणवत नाही. गाडी कधीतरी दुसऱ्या कोणाला चालवायला द्या आणि विचारा.

दुसरी खूण कानाला. इंजिन गरम झाल्यावर वरच्या भागातून, म्हणजे टॅपेट-रॉकरच्या बाजूने, खडखड वाढते. गरम इंजिनाचा एकूण आवाज कोरडा वाटतो.

तिसरी नाकाला. डिपस्टिक (तेलाची पातळी बघायची पट्टी) काढून वास घ्या. पेट्रोलचा उग्र वास येत असेल आणि पातळी आपोआप वाढलेली दिसत असेल, तर तेलात पेट्रोल उतरतंय. कार्ब्युरेटरच्या गाडीत फ्लोटची सुई अडकली आणि पेट्रोलचा कॉक उघडा राहिला तर एका रात्रीतही असं होतं. अशी गाडी चालू करू नका. आधी दुरुस्ती, मग नवं ऑइल.

ज्यांना खात्रीच हवी त्यांनी तेलाचा नमुना प्रयोगशाळेत तपासावा. दाटपणा, उरलेली क्षारता, पेट्रोल-पाण्याचं प्रमाण आणि लोखंड, ॲल्युमिनियम, तांबं, सिलिकॉन यांची मात्रा त्यात कळते. सिलिकॉन वाढलेलं दिसलं तर एअर फिल्टरकडे बघा, कारण बहुधा ती धूळ असते.

बरं, पण किती किलोमीटरला? एक आकडा सांगा.

पहिला आकडा गाडीच्या पुस्तकातला. मिनरल (कच्च्या तेलापासून शुद्ध केलेल्या साध्या) ऑइलवर चालणाऱ्या छोट्या एअर-कूल्ड बाइकला तो बऱ्याचदा ३,००० किलोमीटरच्या आसपास असतो, नव्या बनावटीच्या अनेक गाड्यांना ५,००० ते ६,०००, आणि तीन-चार लिटर तेल मावणाऱ्या मोठ्या लिक्विड-कूल्ड इंजिनांना १०,००० किंवा त्याहून थोडा जास्तही. जवळजवळ प्रत्येक पुस्तकात किलोमीटरसोबत महिनेही दिलेले असतात आणि "जे आधी येईल ते" असं लिहिलेलं असतं.

आता या आकड्याचा अर्थ स्वतःच्या वापराला लावून बघा. ३,००० किलोमीटर मोकळ्या रस्त्यावर सरासरी ताशी ६०ने कापले तर इंजिन ५० तास चाललं. तेच ३,००० किलोमीटर गर्दीत सरासरी ताशी २०ने कापले तर १५० तास. ओडोमीटर दोघांनाही एकच आकडा दाखवतो, पण दुसऱ्याच्या तेलाने तिप्पट वेळ उष्णता सोसली, शिवाय गिअर कितीतरी जास्त वेळा बदलले. म्हणून पुस्तकांत "खडतर वापर" नावाचं एक कलम असतं: सततची गर्दी, धूळ, चढ-उतार, दोघं बसून किंवा ओझं घेऊन प्रवास, फार छोट्या फेऱ्या. लोक ते वाचत नाहीत, कारण आपला वापर खडतर आहे असं कोणालाच वाटत नाही. शहरात रोज ऑफिसला जाणारी बाइक या कलमात अगदी बरोबर बसते. अशा वापराला मी पुस्तकातल्या अंतराच्या साधारण दोन-तृतीयांशावर ऑइल बदलायला सांगतो. लांबच्या, एकसारख्या वेगाच्या प्रवासाला पुस्तकातला पूर्ण आकडा निर्धास्तपणे वापरा.

दर १,००० किलोमीटरला ऑइल बदलण्याचा आग्रह धरणारेही आहेत. नव्या गाडीची पहिली वेळ सोडली तर त्याची गरज नाही. चांगलं तेल फुकट जातं, एवढंच.

माझी बाइक रोज दोन-तीन किलोमीटरच चालते. ऑइल जास्त टिकेल ना?

उलट. लहान फेऱ्यांसारखा वाईट वापर तेलासाठी दुसरा नाही.

एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. बहुतेक वाफ सायलेन्सरमधून जाते, पण थोडी रिंगांच्या फटीतून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीत, उतरते. इंजिन नीट तापलं तर ती उडून ब्रीदर नावाच्या नळीवाटे बाहेर पडते. दोन किलोमीटरमध्ये इंजिनाचं बाहेरचं आवरण गरम लागलं तरी आतलं तेल पुरेसं तापलेलं नसतं. मग ती वाफ थंड धातूवर पाणी होऊन तेलात मिसळते. थंड इंजिनाला पेट्रोलही जास्त लागतं, त्यातलं न जळलेलं सिलिंडरच्या भिंतीवरून खाली येतं. पाणी, पेट्रोल आणि ज्वलनातली ॲसिडं एकत्र आली की डिटर्जंटची क्षारता झपाट्याने संपते.

ऑइल भरायच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पिवळट-पांढरी साय दिसते ती हीच. थोडी असेल तर घाबरू नका: आठवड्यातून एकदा गाडी २०-३० मिनिटं सलग चालवा, निघून जाईल. जागेवर उभी करून रेस देत बसण्याचा तितका उपयोग नाही. पण इंजिनावरच्या काचेच्या खिडकीतून (तेल बघायला काही गाड्यांना ती असते) अख्खं तेलच दुधाळ दिसत असेल, आणि गाडी लिक्विड-कूल्ड असेल, तर वॉटर पंपाचं सील किंवा हेड गॅस्केट गेलेलं असू शकतं. पुरात बुडालेल्या गाडीचंही असंच होतं. तिथे चालवून बघण्याचा मोह टाळा.

वर्षभर गाडी उभीच होती. ऑइल बदलावं का?

हो. वापरलेल्या तेलातलं ॲसिड आणि ओल उभ्या गाडीतही बेअरिंगना खात असतात. गाडी बरेच महिने उभी ठेवायची असेल तर ठेवण्याआधीच ताजं ऑइल टाका.

नव्या गाडीचं पहिलं ऑइल ५०० ते १,००० किलोमीटरलाच का बदलतात?

नवे भाग एकमेकांवर बसताना धातूची पूड सुटते, शिवाय कारखान्यातल्या जोडणीतले सीलंटचे अंशही तेलात येतात. ते बाहेर काढायचे असतात. ही एक बदली कधीही पुढे ढकलू नका. निघालेलं तेल उन्हात चमचमताना दिसेल. पहिल्या वेळी ते स्वाभाविक आहे. पाचव्या-सहाव्या वेळीही तसंच चमकत असेल तर इंजिन उघडून बघायला हवं. ड्रेन बोल्टला चुंबक असेल तर त्यावरची करडी, लोण्यासारखी मऊ पूड नेहमीचीच. बोटाला टोचणारे कण मात्र नकोत.

पातळी कशी आणि किती वेळा बघायची?

या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा. तेल ५०० किलोमीटर उशिरा बदललं म्हणून इंजिन सहसा जात नाही. तेल कमी असताना चालवत राहिल्याने जातं. कित्येक छोट्या बाइकना ऑइलचा इशारा देणारा दिवाच नसतो. ज्यांना असतो, त्यांचा दिवा बहुधा पातळी नव्हे तर दाब दाखवतो, म्हणजे तो लागेपर्यंत नुकसान सुरू झालेलं असतं.

हिशेब बघा. एक लिटर मावणाऱ्या इंजिनातून ३०० मिली कमी झालं तर उरलेल्या ७०० मिलीला तीच उष्णता वाहायची आहे. ते जास्त तापतं, लवकर पातळ होतं, आणखी जळतं. चढावर किंवा जोरात ब्रेक मारल्यावर तेल एका बाजूला सरकलं की पंप हवा ओढू शकतो.

पद्धत अशी: गाडी सपाट जमिनीवर, मेन स्टँडवर किंवा कोणाला तरी सरळ धरायला सांगून. साइड स्टँडवर बघितलेली पातळी बहुतेक गाड्यांत चुकीची असते. इंजिन दोन-तीन मिनिटं चालवा, बंद करा, दोन-तीन मिनिटं थांबा. डिपस्टिक पुसून घाला. ती आटे फिरवून घट्ट करायची की नुसती टेकवायची, हे गाडीगणिक वेगळं आहे आणि त्याने मापात चांगलाच फरक पडतो. पुस्तकात पाहून घ्या. काचेची खिडकी असेल तर पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. ड्राय-संप, म्हणजे तेल वेगळ्या टाकीत ठेवणाऱ्या, इंजिनांची रीत वेगळी असते, तीही पुस्तकात मिळेल.

दर दोन आठवड्यांनी, आणि लांबच्या प्रवासाला निघण्यापूर्वी हमखास.

ऑइल कमी होतं म्हणजे इंजिनाचं काम निघालं का?

लगेच नाही. सगळीच इंजिनं थोडं तेल खातात, उंच फेऱ्यांवर जास्त. पण कमी होण्याचा वेग वाढत असेल आणि सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल, तर बघावं लागेल. गाडी सुरू करताना क्षणभर धूर येऊन थांबत असेल तर संशय व्हॉल्व्ह सीलवर, वेग वाढवताना सतत येत असेल तर रिंगांवर. बाहेर कुठे तेलकट ओल आहे का तेही तपासा.

थोडं जास्त भरलं तर चांगलंच ना?

नाही. फिरते भाग जादा तेलाला घुसळून फेस करतात, फेसात पंपाला हवा मिळते, आणि ब्रीदरमधून तेल एअर फिल्टरच्या डब्यात जातं. सीलवरही ताण येतो. वरच्या खुणेपेक्षा जास्त झालं तर काढून टाका.

पुस्तकात तेलाचे दोन-तीन आकडे असतात: नुसतं तेल बदलताना, फिल्टरसह बदलताना, आणि इंजिन पूर्ण उघडून बांधल्यावर. तिसरा आकडा सगळ्यात मोठा असतो आणि तोच पाहून भरलं की जास्त होतं. आत थोडं जुनं तेल राहतंच.

सिंथेटिक टाकलं तर दुप्पट चालेल का?

सिंथेटिकचं बेस ऑइल उष्णता जास्त सोसतं, कमी उडून जातं आणि थंडीत चटकन वाहतं. खूप तापणाऱ्या, जोरात फिरणाऱ्या इंजिनाला त्याचा खरा फायदा आहे. पण तेलात उतरलेलं पेट्रोल, पाणी, धूळ आणि क्लचचा भुसा त्याला जुमानत नाहीत. डब्यावर काहीही लिहिलेलं असलं तरी पुस्तकातल्या अंतरापलीकडे दुपटीने ताणू नका.

कारचं चांगलं सिंथेटिक बाइकमध्ये चालेल का?

बहुधा नाही, क्लचमुळे. तेलात बुडालेल्या क्लच प्लेटांना घर्षणावरच तर पकड मिळते. पेट्रोल वाचवण्यासाठी बनवलेल्या कारच्या बऱ्याच तेलांत घर्षण कमी करणारी रसायनं असतात. ती प्लेटांवर बसली की क्लच घसरतो: वरच्या गिअरमध्ये चढावर ॲक्सिलरेटर दिला की इंजिनाचे फेरे वाढतात, वेग वाढत नाही.

याच अडचणीवर जपानमधल्या जासो संस्थेने १९९८ मध्ये टी ९०३ हे मोटरसायकलच्या तेलाचं मानक आणलं. डब्यावर जासो एमए, एमए१ किंवा एमए२ लिहिलेलं असेल तर ते ओल्या क्लचसाठी. एमए२ची पकड त्यांत सर्वात जास्त. एमबी हे कमी घर्षणाचं, म्हणजे ज्या स्कूटरमध्ये क्लच कोरडा असतो तिच्यासाठी. एपीआय या अमेरिकी पेट्रोलियम संस्थेच्या गोल शिक्क्यात "रिसोर्स कन्झर्व्हिंग" असं दिसलं तर तो डबा बाइकसाठी घेऊ नका. इंजिन "गुळगुळीत" करण्याच्या वेगळ्या बाटल्याही याच कारणाने टाळा.

चुकून पडलं आणि क्लच घसरू लागला, तर आधी योग्य ऑइल टाकून बघा. प्लेटा जळल्या नसतील तर बऱ्याचदा सावरतात.

दोन कंपन्यांची ऑइल मिसळली तर?

अडचणीच्या वेळी टॉपअप करायला हरकत नाही. मिनरलमध्ये सिंथेटिकही चालतं. ग्रेड आणि जासो मानक तेवढं सारखं ठेवा. कमी तेलावर चालवण्यापेक्षा दुसऱ्या कंपनीचं टाकलेलं केव्हाही बरं.

फिल्टर दर वेळी बदलायचा का?

कागदी फिल्टर असेल तर मी दर वेळी बदलतो. पुस्तकांत काही ठिकाणी एक आड एक बदलायला सांगतात. फिल्टरची उलट-सुलट बाजू बघून बसवा, उलटा बसला तर तेलाचा मार्ग अडू शकतो. अनेक छोट्या बाइकमध्ये कागदी फिल्टर नसतोच. तिथे जाळी असते आणि क्रँकच्या टोकाला फिरणारी एक वाटी, जिच्या कडेला गाळ जमतो. ही वाटी क्लचच्या बाजूचं कव्हर काढल्याशिवाय दिसत नाही, म्हणून ती वर्षानुवर्षं कोणी साफ करत नाही. सर्व्हिसिंगला देताना तिची आठवण करून द्या.

घरी बदलताना काय सांभाळायचं?

इंजिन चार-पाच मिनिटं चालवून कोमट करा, म्हणजे गाळ तेलासोबत निघतो. पोळेल इतकं गरम नको. ड्रेन बोल्टचा वायसर नवा घाला. बोल्ट ॲल्युमिनियमच्या केसिंगमध्ये बसतो, त्यामुळे जोर लावला की आटे जातात आणि मग खर्च तेलाच्या कित्येक पट; टॉर्कचा, म्हणजे आवळण्याच्या जोराचा, आकडा पुस्तकात असतो, तेवढाच. भरून झाल्यावर एक-दोन मिनिटं इंजिन चालवा, थांबा, पातळी पुन्हा बघा, कारण रिकामा फिल्टर थोडं तेल पिऊन घेतो.

रॉकेल किंवा डिझेल घालून इंजिन धुण्याची पद्धत सोडून द्या. त्यातलं बरंच कोपऱ्याकोपऱ्यांत राहतं आणि ताज्या तेलाला पहिल्याच मिनिटापासून पातळ करतं. इंजिनात खरंच गाळ असेल तर योग्य ऑइल टाकून ते नेहमीच्या निम्म्या अंतरावर दोनदा बदला.

स्कूटरलाही हेच नियम का?

इंजिनापुरते हो. व्हेरिएटरच्या (पट्ट्यावर चालणाऱ्या, गिअर बदलावे न लागणाऱ्या) स्कूटरमध्ये तेलावर गिअर-क्लचचा भार नसतो, पण तेल कमी असतं आणि इंजिन प्लॅस्टिकच्या आवरणात बंद. मागच्या चाकाजवळचं गिअर ऑइल वेगळं असतं, साधारण १०० मिलीच्या आसपास. ते बदलायचं असतं हेच अनेकांना माहीत नसतं.

जुन्या ऑइलचं काय करायचं? चेनला लावू का?

चेनला नको. त्यात धातूची पूड आणि ॲसिड आहे, आणि ओ-रिंगच्या (कड्यांमध्ये रबरी सील असलेल्या) चेनला तर ते मुळीच नको. गटारात किंवा मातीत ओतणं त्याहून वाईट: ते पाण्यावर पसरतं, सहज कुजत नाही, आणि त्यातली ज्वलनातून आलेली काही संयुगं कर्करोगाला कारण ठरू शकतात. म्हणूनच हातमोजे घाला आणि नाही घातले तर काम झाल्याझाल्या साबणाने हात धुवा.

ते झाकणाच्या डब्यात साठवा आणि जुनं तेल गोळा करणाऱ्यांना किंवा तशी सोय असलेल्या गॅरेजला द्या. शुद्ध करून त्यातून पुन्हा बेस ऑइल काढता येतं, पण त्यात पेट्रोल, ब्रेक ऑइल किंवा कूलंट मिसळलेलं असेल तर ते काम अवघड होतं, म्हणून डबा वेगळाच ठेवा. काढलेला फिल्टरही रात्रभर उलटा ठेवून निथळू द्या आणि ते तेल त्याच डब्यात टाका.